पक्षी पाहताना दिसणारे सस्तन प्राणी

भिगवणला रोहित पाहून परतताना माळावर उभा दिसलेला लांडगा, नान्नजला माळढोकाऐवजी पदरात पडलेला काळविटांचा कळप, गोव्यात चोडणच्या खारफुटीत खंड्या शोधताना पाण्याबाहेर आलेली पाणमांजरांची डोकी... पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांत अशा नोंदी जागोजागी असतात आणि बहुतेकांनी त्या ‘नशिबाने दिसले’ अशा शेऱ्यासह लिहिलेल्या असतात. नशिबाचा वाटा आहेच. पण या भेटी ज्या ठिकाणी, ज्या वेळी आणि ज्या परिस्थितीत घडतात त्या पाहिल्या, तर नशिबापेक्षा पक्षी पाहण्याच्या शिस्तीचाच त्यात मोठा हात असल्याचे लक्षात येते.

भारतात पक्ष्यांच्या १३०० हून अधिक जाती आहेत, सस्तन प्राण्यांच्या ४०० हून थोड्या जास्त. त्यातही निम्म्याच्या आसपास वटवाघळे आणि उंदीरवर्गीय प्राणीच आहेत. उरलेल्यांपैकी बरेचसे निशाचर आहेत किंवा पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारे आहेत. पक्ष्यांचे सारे जग डोळ्यांवर आणि आवाजावर चालते. त्यांचे रंग, गाणी आणि उड्डाणे माणसाच्या डोळ्या-कानांना सहज कळतात. सस्तन प्राण्यांचे जग मुख्यतः वासावर चालते आणि त्या भाषेत माणूस जवळपास अडाणी आहे. प्राण्याला माणसाचा वास शे-दोनशे पावलांवरून येतो, माणसाला मात्र तो प्राणी तिथे होता हेही कळत नाही. गप्पा मारत, भडक कपडे घालून, उन्हे चढल्यावर जंगलात शिरणाऱ्या सहलीला वानरे आणि माकडे सोडून काही दिसत नाही, त्याचे कारण हेच.

पक्षीनिरीक्षक मात्र नकळत वेगळे वागतो. तो फटफटण्याच्या आधी पोहोचतो, हळू चालतो, दर वीस पावलांवर थांबतो आणि एकाच पाणवठ्यापाशी तासभर बसून राहतो. बहुतेक सस्तन प्राण्यांना रंगांतले फरक माणसाइतके कळत नाहीत, पण हालचाल चटकन टिपता येते. त्यामुळे स्थिर बसलेला माणूस, वारा त्याच्याकडून प्राण्याकडे वाहत नसेल तर, सहज नजरेतून सुटतो. शिवाय हातात आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण असते. दूरच्या बांधावरचा तपकिरी ठिपका ढेकूळ आहे की ससाणा, हे पाहण्याची तिला सवय झालेली असते आणि अधूनमधून त्या ठिपक्याला कान असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पक्षी स्वतःच खबर देतात. टिटवी माणसाला पाहून ओरडते तशीच कोल्ह्याला, खोकडाला आणि मुंगसालाही पाहून ओरडते. तिची पिल्ले जमिनीवर असतील तर ती त्या प्राण्याच्या डोक्यावर घिरट्या घालत त्याला हद्दीबाहेर सोडून येते. आकाशातल्या टिटवीच्या फेऱ्या कशाभोवती चालल्या आहेत एवढे पाहिले तरी गवतात दडलेला प्राणी सापडतो. सातभाईंचा थवा एखाद्या झुडपाभोवती जमून, खाली तोंडे करून कलकलाट करू लागला की आत बहुधा साप किंवा मुंगूस असतो, कधी रानमांजर. बुलबुल, शिंपी, कोतवाल यांचा असाच गोंगाट उंच फांदीकडे रोखलेला असेल तर पिंगळ्याची किंवा घुबडाची शक्यता जास्त. पक्षीनिरीक्षक या कलकलाटाकडे घुबडाच्या आशेने जातो आणि क्वचित त्याला तिथे झाडाच्या दुबेळक्यात झोपलेले काळमांजर सापडते.

जंगलात ही खबरीची साखळी आणखी पक्की असते. वाघ किंवा बिबट्या दिसताच वानर झाडावरून खोकल्यासारखा कोरडा आवाज काढते, चितळ शिट्टीसारखी हाक देते, सांबर ‘ढाँक’ करते, मोर केकाटतो. नवख्यांची चूक होते ती मोराच्या बाबतीत. मोर पावसाच्या दिवसांत कशालाही ओरडतो आणि त्याच्या एकट्याच्या हाकेवर विसंबून निष्कर्ष काढू नये. वानराचे तसे नाही. वानर उंचावर बसते, त्याला प्राणी प्रत्यक्ष दिसलेला असतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत ते एकाच दिशेला तोंड करून बोलत राहते. त्याची नजर जिथे, तिथे दुर्बीण लावावी. पल्लवपुच्छ कोतवाल मात्र इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकांची हुबेहूब नक्कल करतो. भीमाशंकर किंवा आंबोलीच्या जंगलात त्याने भल्याभल्यांना चकवले आहे.

महाराष्ट्रात अशा भेटींची सर्वांत समृद्ध भूमी घनदाट जंगल नाही, ती आहे दख्खनचा उघडा माळ. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेत पसरलेला हा प्रदेश सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे पडीक जमीन म्हणून नोंदला गेला. त्यावर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली आणि गवतावर जगणाऱ्या जीवांच्या पायाखालची जमीनच सरकली. या माळावर धाविक, माळटिटवी, पखुर्डी, चंडोलांच्या अनेक जाती, सापमार गरुड आणि शृंगी घुबड राहतात. हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या नावाचे लांब पंखांचे शिकारी पक्षी येतात. त्यांच्यामागे पक्षीनिरीक्षक येतात. आणि त्याच गवतात लांडगा, खोकड, तरस आणि चिंकारा राहतात.

भोवत्यांची एक सवय इथे निर्णायक ठरते. दिवसभर माळावर विखरून नाकतोडे आणि छोटे पक्षी टिपणारे हे भोवत्ये संध्याकाळी एका ठरावीक गवताळ पट्ट्यात जमतात आणि झाडावर न बसता जमिनीवरच रात्र काढतात. ते उतरताना मोजायचे तर सूर्यास्ताच्या आधी तासभर बांधाआड बसून राहावे लागते आणि अंधार पडेपर्यंत उठता येत नाही. लांडग्याची बाहेर पडण्याची वेळ नेमकी हीच. दिवसभर ओढ्याच्या काठाला किंवा झुडपाखाली पडून राहिलेला कळप या सुमारास उठतो, आळस देतो, एकमेकांची तोंडे हुंगतो आणि रांगेने चालू लागतो. उतरलेले भोवत्ये अचानक पुन्हा हवेत उठले, तर गवतातून कोण चालले आहे हे पाहण्यासारखे असते.

दुर्बिणीत लांडगा पहिल्यांदा आला की बहुतेकांना तो कुत्रा वाटतो. खुणा सोप्या आहेत, पण त्या एकत्र पाहाव्या लागतात. भारतीय लांडगा १७ ते २५ किलो वजनाचा, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशांतल्या भाईबंदांपेक्षा बराच लहान आणि सडसडीत असतो. पाय शरीराच्या मानाने लांब, छाती अरुंद, अंगावर राखाडी-तपकिरी केस आणि पाठीवर त्यांची काळी टोके. शेपूट खाली लोंबते. कुत्र्यासारखी ती पाठीवर वळलेली नसते. डोळे पिवळसर असतात आणि चाल न थकता मैलोगणती जाणारी, एका लयीची असते. कोल्हा त्याहून बुटका, आखूड पायांचा आणि ८ ते ११ किलोंचा. खोकड तर मांजरापेक्षा थोडेच मोठे, २ ते ४ किलोंचे. मोठे कान, निमुळते तोंड आणि काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी यांवरून ते लगेच ओळखू येते. तरसाबद्दल गोंधळ व्हायला नको. त्याची पाठ खांद्याकडून मागे उतरती असते, अंगावर उभे पट्टे असतात आणि मानेपासून पाठीवर आयाळ असते. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते, कारण ते हाडे फोडून खाते आणि हाडांतला चुना तसाच बाहेर येतो. दिवसा तरस दिसले नाही तरी माळावरचे हे पांढरे गोळे त्याचा पत्ता सांगतात.

लांडग्याविषयी जी शास्त्रीय माहिती आज आहे, तिचा एक मोठा भाग पक्ष्यासाठी राखलेल्या जमिनीवरच गोळा झाला. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तेथे माळढोकाचा अभ्यास केला. पुढे सतीश कुमार आणि रहमानी यांनी त्याच अभयारण्यात लांडगे आणि ते मारत असलेली शेळ्या-मेंढरे यांचा अभ्यास केला. माळढोक आता नान्नजला दिसला तर बातमी होते. काळवीट आणि लांडगा मात्र टिकून आहेत. पक्ष्यासाठी केलेल्या राखणदारीचा लाभ प्राण्यांना मिळाला, हे खरे. ज्याच्यासाठी ती झाली तोच हातचा गेला, हेही तितकेच खरे.

देशात आज लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत वाघांचा सरासरी आकडा ३,६८२ आला होता. म्हणजे लांडगा वाघाहून कमी आहे आणि त्यातले बरेचसे लांडगे अभयारण्यांच्या बाहेर, शेते आणि चराऊ राने यांच्या मध्ये राहतात. जनुकीय अभ्यासांनुसार भारतीय लांडगा हा जगातल्या हयात लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. त्याच्यासमोरचे एक नवे संकट पुणे परिसरातच उजेडात आले. तिथल्या कळपांत काही प्राणी नेहमीपेक्षा वेगळ्या, पिवळसर रंगाचे दिसू लागले होते. त्यांच्या केसांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा दिला. माळावर टाकल्या जाणाऱ्या मेलेल्या कोंबड्या आणि इतर कचरा यांवर भटकी कुत्री पोसली जातात. तिथेच लांडगेही येतात, आणि मग हे घडते. रंग वेगळा दिसला म्हणून थांबून पाहणाऱ्या, फोटो काढणाऱ्या डोळ्यांची किंमत इथे कळते.

धनगरांशी बोलल्याशिवाय या माळाची माहिती पुरी होत नाही. मेंढरांच्या कळपामागे वर्षभर चालणाऱ्या या लोकांना लांडग्याचे बीळ, वाट आणि सवय ठाऊक असते. कोकरू गेले तर राग येतो, नुकसानही खरेच होते. तरी लांडग्याचा वाटा लांडगा नेणारच, असे मानणारी जुनी माणसे अजून भेटतात. पाहुण्याने धनगराला ‘मामा, राम राम’ करून वाड्यापाशी थांबावे. गाडी मेंढरांच्या मधून काढू नये. एवढे केले तरी चार गोष्टी कळतात, ज्या कुठल्याही पुस्तकात नसतात.

बारामती तालुक्यातले सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य याच माळाचा छोटा तुकडा आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. तरीही चिंकारा पाहण्याची महाराष्ट्रातली ती सर्वांत खात्रीची जागा आहे. चिंकारा धोका जाणवताच पुढचा पाय आपटतो, शिंकेसारखा आवाज करतो आणि उड्या मारत दूर जाऊन हमखास एकदा मागे वळून पाहतो. फोटो काढणाऱ्याने त्या क्षणाची वाट पाहावी, मागे धावू नये. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी आणि बारामतीतले शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाच्या सफारी सुरू केल्या आहेत. गावातलेच तरुण वाटाडे म्हणून असतात आणि गाडी ठरलेल्या वाटेनेच जाते. हे योग्यच झाले. मोकाट गाड्यांनी लांडग्याचा पाठलाग होतो तेव्हा चाकांखाली धाविकाची, माळटिटवीची आणि चंडोलाची उघड्या जमिनीवरची अंडीही जातात. पक्षी पाहायला आलेल्यानेच पक्ष्यांची घरटी चिरडावीत, याहून वाईट काय असेल!

काही सस्तन प्राणी पक्षीनिरीक्षकाला जिवंत दिसतच नाहीत, पण त्यांची ओळख पक्ष्याच्या पोटातून होते. गव्हाणी घुबड उंदीर आणि चिचुंद्र्या सहसा अख्ख्या गिळते. मांस पचते, पण हाडे आणि केस पचत नाहीत. काही तासांनी घुबड त्यांची एक घट्ट, करड्या-काळ्या रंगाची गोळी तोंडावाटे बाहेर टाकते. जुन्या वाड्याच्या माळवदाखाली, पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात किंवा गोदामात अशा गोळ्यांचा खच पडलेला आढळतो. वाळलेली एक गोळी कोमट पाण्यात भिजत घालून चिमट्याने सोडवली, की आत इवल्या कवट्या, बरगड्या आणि जबडे मिळतात. कवटीत पुढे दोन लांब, वाकडे, नारिंगी झाक असलेले दात आणि त्यांच्या मागे मोकळी जागा असेल तर तो उंदीर. टोकदार, बारीक दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. दाढांच्या नक्षीवरून तज्ज्ञ त्याहून पुढे जाऊन जात ओळखतात. एखाद्या परिसरात कुठले उंदीर आहेत हे सापळे न लावता सांगणारी ही पद्धत जगभर वापरली जाते. गोळ्या हाताळताना हातमोजे आणि नाकाला फडके हवे. वसतीला असलेल्या घुबडाला त्यासाठी उठवू नये.

पाणथळ जागांचा राजा म्हणजे पाणमांजर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात त्याला हुदाळे किंवा ऊद म्हणतात. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर आहे आणि ते सगळे खारफुटीचे आहे. ओहोटीच्या वेळी होडीतून तिथे फिरताना नजर खंड्या, ढोकरी आणि चिखलावर चालणाऱ्या तुतवारांवर खिळलेली असते. अशा वेळी पाण्यात एक सपाट डोके दिसते, मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट पसरते आणि डोके बुडाल्यावर बुडबुड्यांची रेघ पुढे सरकते. लांब मान काढून पोहणारा पाणकावळा आणि पाणमांजर यांत लांबून गल्लत होते. पण पाणकावळ्याची चोच वर रोखलेली असते आणि पाणमांजर एकटे क्वचितच असते. पहिल्या डोक्यामागून दुसरे, तिसरे वर येते आणि शिट्ट्यांसारख्या आवाजांनी ती आपापसांत बोलत राहतात.

गोव्यात पाणमांजरांच्या दोन जाती आहेत. नद्या, खाड्या आणि खाजण जमिनींत दिसते ते मऊ केसांचे मोठे पाणमांजर, प्रामुख्याने मासे खाणारे. लहान नखांचे पाणमांजर त्याहून बरेच छोटे असते. त्याचा मुख्य आहार खेकडे आणि ते डोंगरी ओढ्यांत राहणे पसंत करते. दोन्ही जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानल्या जातात. मोठे पाणमांजर कळपाने मासे घेरते तेव्हा किनाऱ्याकडे उसळलेले मासे टिपायला बगळे मागोमाग चालतात, म्हणून बगळ्यांची रांग पाण्याकडे तोंड करून घाईने सरकत असेल तर पाण्यात पाहावे. प्राणी दिसला नाही तरी दगडावर किंवा बांधावर त्याची विष्ठा असते. माशाच्या खवल्यांनी चकाकणारी, उग्र मासळीच्या वासाची ही विष्ठा एकदा पाहिली की विसरत नाही. खेकड्याच्या कवचाचे तुकडे जास्त असतील तर लहान जातीचा विचार करावा.

सह्याद्रीच्या जंगलात शेकरू बहुतेक सर्वांना दिसते, त्यामुळे त्याच्यात अवचित असे काही उरलेले नाही. तरी एक गोष्ट सांगायला हवी. उंच झाडाच्या फांदीच्या टोकाला पाने-काटक्यांचा मोठा गोल दिसला की नवखा निरीक्षक शिकारी पक्ष्याचे घरटे म्हणून नोंद करतो. शिकारी पक्ष्याचे घरटे बहुधा खोडाच्या दुबेळक्यात, बशीसारखे आणि काटक्यांचे असते. शेकरूचे घरटे बंदिस्त गोल असते, त्यात पानांचा भरणा असतो आणि एकाच शेकराची अशी अनेक घरटी एका परिसरात असतात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झाले त्यामागे महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी हेच एक मोठे कारण होते. त्याच जंगलात रानकोंबडा किंवा मैना शोधताना पालापाचोळ्यात खसखस झाली, तर ती बहुधा भेकराची किंवा पिसोरीची असते. दोन्ही लाजरे आहेत आणि खाली मान घालून उभे राहिले की पाचोळ्यात विरून जातात.

वन्य प्राणी जंगलातच असतात हा समज शेतीच्या प्रदेशात काम केलेल्या संशोधकांनी खोटा पाडला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात, जिथे मोठे जंगल नाही आणि उसाची शेती व दाट वस्ती आहे, स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. त्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिथे १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. उसाच्या बांधावर वेडे राघू पाहणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या कडेला पहाटे पक्षी पाहायला जाणाऱ्यांनाही बिबट्याचे ठसे नवे नाहीत. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या ठशांत नखांची खूण उमटत नाही, कुत्र्याच्या कुळात ती उमटते. चिखलातल्या ठशाचा हा पहिला निकष आहे.

अवचित भेटीत धोका किती? बहुतेक वेळा प्राणी माणसाला आधी पाहतो आणि निघून जातो. अपवाद चार-दोनच आहेत, पण ते माहीत हवेत. अस्वलाची नजर कमजोर असते. मेळघाटात रानपिंगळा शोधत एकटक वर पाहत चालणारा माणूस त्याच्या अगदी जवळ पोहोचला, तर ते घाबरून हल्ला करते. म्हणून अस्वलांच्या जंगलात पायी चालताना दोघांनी हलके बोलत राहावे, पूर्ण शांतता तिथे घातक ठरते. राधानगरी-दाजीपूर किंवा आंबोलीत गव्याचा एकटा नर वाटेत उभा असेल तर थांबावे, मागे सरावे आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी. कधी कधी हजार किलोंच्या घरात भरणारा हा प्राणी शांत दिसतो आणि त्यामुळेच माणसे जवळ जाण्याची चूक करतात. पिले असलेली रानडुकरीण त्याहून जास्त चिडखोर. दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत. तिथे हत्तीची खबर असेल त्या दिवशी पक्षी पाहणे रद्द करणे हाच शहाणपणा. बिबट्या समोर आला तर पळू नये, खाली वाकू किंवा बसू नये, सर्वांनी जवळ येऊन तोंड त्याच्याकडे ठेवत सावकाश मागे सरावे. जमिनीवर आडवे पडून पक्ष्याचा फोटो काढण्याची पद्धत अलीकडे फार रुजली आहे. बिबट्याच्या भागात, कमी उजेडात, एकट्याने ती पाळू नये.

माणसाला प्राण्यापासून आहे त्यापेक्षा प्राण्याला माणसापासून असलेला धोका मोठा आहे. विशेषतः लांडग्याच्या बाबतीत. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात जन्मतात, म्हणजे नेमकी भोवत्या आणि रोहित यांच्या हंगामात, जेव्हा माळावर सर्वांत जास्त गाड्या असतात. ओढ्याच्या काठी किंवा साळिंदराच्या जुन्या बिळात असलेल्या पिल्लांपाशी माणसे जमू लागली की मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या हलवाहलवीत कुत्री व उघड्या वाटा यांचा धोका वाढतो. बिळाजवळ थांबणे, बिळावर ड्रोन नेणे, मांस टाकून प्राणी बोलावणे, आवाज वाजवून त्याला बाहेर काढणे हे सगळे लांडग्याच्या मुळावर येणारे आहे. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे.

नोंद मात्र जरूर करावी. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फक्त पक्ष्यांची यादी भरता येते, सस्तन प्राणी तिथे शेऱ्यात लिहिता येतात आणि मग ते कुणाच्या हाती लागत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसह नोंद केली तर जाणकार ओळख पक्की करतात आणि संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप लपवले जाते. नकाशावर फक्त काही किलोमीटरांचा चौकोन दिसतो. नोंदीत तारीख, वेळ, संख्या, प्राणी काय करत होता आणि आसपास कुत्री होती का, एवढे असावे. ओळख पक्की नसेल तर ‘लांडगा किंवा कुत्रा’ असेच लिहावे. रंग वेगळा वाटला तर तेही. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र बिळाचा पत्ता टाकू नये, अगदी ओळखीच्यांच्याही नाही.

जखमी, विहिरीत पडलेला किंवा फासात अडकलेला प्राणी दिसला तर स्वतः हात घालू नये. महाराष्ट्रात वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो पक्षी पाहायला निघण्याआधी फोनमध्ये साठवून ठेवावा.